कंपनीचा ब्लॉग ठेवायचा कुठे? काका म्हणतात फुकट, डेव्हलपर म्हणतो वेगळा सर्व्हर

पाउचवाली_इंदूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज. सांवेर रोडला आमचं छोटं युनिट आहे, नमकीन, मसाले, चहा भरायची पाउच मशीनं बनवतो. काकांनी सुरू केलं, मी तीन वर्षांपासून ऑफिस बघते, बघते म्हणजे कोटेशनपासून जीएसटीपर्यंत आणि मधेच कोणी आलं तर चहा सांगण्यापर्यंत सगळं. तर होतं काय की गिऱ्हाइकांचे तेच तेच वीस-पंचवीस प्रश्न रोज येतात. सील का सुटतंय, शेवेच्या पाउचात नायट्रोजन भरलाच पाहिजे का, पावसाळ्यात मसाला जॉवर (पाउच दाबून सील करणाऱ्या गरम पट्ट्यांवर) चिकटतो त्याचं काय करू, फिल्मचा रोल बदलला की टेम्परेचर पण बदलायचं का. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढी मोठमोठी उत्तरं लिहून झालीत की आता तीच शोधून शोधून फॉरवर्ड करत बसते. म्हटलं हे सगळं कंपनीच्या ब्लॉगवर टाकू, लिंक पाठवली की काम झालं.

इथपर्यंत सगळ्यांना पटलं. ठेवायचं कुठे यावरून घरात महाभारत सुरू आहे.

काकांचं म्हणणं, ब्लॉगरवर फुकट मिळतं, गूगलचंच आहे, गूगलच्या घरात राहिलं की गूगल आपोआप वर दाखवणार. नवीन डेव्हलपर पकडलाय (विजयनगरला बसतो, चांगला मुलगा आहे) तो म्हणतो ब्लॉग डॉट कंपनी डॉट इन असं वेगळं सबडोमेन घ्या, त्याला वेगळा क्लाउड सर्व्हर, वर्षाला अठरा हजार. आणि आमची जी जुनी साइट आहे, पाच पानांची, सहा-सात वर्षांपूर्वी एका मुलाने बनवून दिलेली, शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पडून आहे, तिच्यातच कंपनी डॉट इन स्लॅश ब्लॉग करावं असं मला वाटतंय पण का वाटतंय ते सांगता येत नाही म्हणून मी वादात हरते. चुलत भाऊ मधेच मीडियम (तयार ब्लॉग साइट) म्हणून गेला, तो पुण्याला असतो, त्याचं सोडा.

लिहिणार मीच, हिंदीत जास्त, थोडं मराठीत कारण जळगाव-भुसावळ-नाशिककडची गिऱ्हाइकं बरीच आहेत. कोडिंग शून्य. सांगा.

---

जलेबीनंतर_पोहे

स्लॅश ब्लॉग. चला, पुढचा प्रश्न.

---

लिनक्सकाका

वरच्या भियाने उत्तर बरोबर दिलंय पण त्याने तुझे काका ऐकणार नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या काकांचा मुद्दा. ब्लॉगर गूगलचं आहे म्हणून सर्चमध्ये वर येतं असं काही नसतं, तसं असतं तर आम्ही सगळे तिथेच बसलो असतो. ब्लॉगर वाईट नाहीये, १९९९ पासून चालू आहे, २००३ मध्ये गूगलने घेतलं, आणि स्वतःचं डोमेनसुद्धा त्याला फुकट जोडता येतं. पण ते सबडोमेनवरच जोडता येतं, स्लॅश ब्लॉगवर नाही. आणि जर तू नुसतं ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर राहिलीस तर तो पत्ता त्यांचा, तुझा नाही. २०२० मध्ये तर ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेनच गूगलच्या हातातून निसटलं, दुसऱ्या कोणीतरी रजिस्टर केलं, आणि ज्यांनी ज्यांनी डॉट इनच्या लिंका वाटल्या होत्या त्या सगळ्या बंद. हे गूगलचं झालं. काकांना एवढंच सांग.

दुकानं बंद पण होतात. जिओसिटीज २००९ ला गेलं, पोस्टरस २०१३ ला, आणि टाइपपॅड, ज्यावर एके काळी मोठमोठ्या कंपन्यांचे ब्लॉग होते, ते ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झालं. लिखाण डाउनलोड करून घ्यायला वेळ देतात, ते खरं, पण पत्ते मरतात. तू ज्या शंभर गिऱ्हाइकांना लिंक पाठवलीस, कोणी आपल्या ऑपरेटरला पाठवली, कोणी कागदावर लिहून मशीनवर चिकटवली, ते सगळं वाया. पत्ता आपला असला तर दुकान कितीही वेळा हलवा, ३०१ रीडायरेक्ट लावला की जुनी लिंक नवीन जागी नेऊन सोडते. दुसऱ्याच्या पत्त्यावर तो रीडायरेक्ट लावायची किल्ली तुझ्याकडे नसते.

मीडियमचं तेच. शिवाय त्यांनी २०१७ मध्ये नवीन लोकांना स्वतःचं डोमेन जोडू देणं बंद केलं होतं, मग २०२१ मध्ये परत सुरू केलं. म्हणजे मर्जी त्यांची. तिथे टाकायचंच असेल तर आधी आपल्याकडे छापायचं, मग त्यांच्या इम्पोर्टने तिकडे घ्यायचं, तो इम्पोर्ट मूळ लेखाचा पत्ता कॅनॉनिकल म्हणून लावतो, म्हणजे गूगलला कळतं की मूळ घर कुठलं.

आता सबडोमेन की स्लॅश. यावर एसइओवाले (साइट सर्चमध्ये वर आणायचं काम करणारे) वीस वर्षं भांडतायत. गूगलचे जॉन म्यूलर सांगतात की दोन्ही चालतं, तुम्हाला जे सांभाळता येईल ते करा. बाहेरचे लोक म्हणतात, नाही, स्लॅशवर जास्त फायदा होतो. माझं मत, तुझी मुख्य साइट पाच पानांची आहे, तिच्यात जीव नाही, आणि हे पंचवीस लेख म्हणजेच तुझ्या साइटचा जीव होणार आहेत, तर ते वेगळ्या खोलीत कशाला ठेवायचे? सील सुटतंय म्हणून शोधत आलेला माणूस एका क्लिकवर मशीनच्या पानावर गेला पाहिजे.

शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पान) असेल तर ब्लॉग नावाच्या फोल्डरात वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. अठरा हजाराची गरज मला दिसत नाही.

---

पाउचवाली_इंदूर

काका (इथले काका, आमचे नाही) खूप खूप आभार. ब्लॉगस्पॉट डॉट इनचा किस्सा जेवताना सांगितला, आमचे काका दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले गूगलला डोमेन सांभाळता येत नाही आणि तू सांभाळणार? आता यावर काय बोलू 😀

सीपॅनल आहे, बघितलं मी. पासवर्ड मात्र जुन्या डायरीत सापडला.

---

जेलरोडचा_जग्गू

लिनक्सकाकांचं सगळं पटतं पण शेवटच्या ओळीवर मी अडतो. मी हेच केलं होतं, एका दुकानाच्या साइटवर स्लॅश ब्लॉग करून त्याच होस्टिंगमध्ये वर्डप्रेस टाकलं, वर्षभर कोणी अपडेट केलं नाही, एक फॉर्मचं फुकट प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचा तुकडा) होतं त्यातून घुसले. आणि एकाच अकाउंटमध्ये असल्यामुळे ब्लॉगमधून घुसून मुख्य साइट पण खाल्ली. मालकाने गूगलवर स्वतःचं नाव टाकलं तर खाली सगळं जपानी, कुठल्या तरी नकली बुटांची वगैरे पानं, हजारो. याला जपानी कीवर्ड हॅकच म्हणतात, नवीन काही नाही, पण मालकाला कोण समजावणार, तो म्हणे माझं दुकान जपानला विकलं का. साफ करायला तीन आठवडे लागले, गूगलमधून ती पानं पूर्ण जायला त्याहून जास्त.

म्हणून त्या विजयनगरच्या मुलाला एकदम उडवून लावू नका. वेगळं ठेवा म्हणतो त्यात दम आहे. अठरा हजारात तो अपडेट, बॅकअप आणि काही बिघडलं तर फोन उचलणं, हे तिन्ही देणार का ते विचारा. देत असेल तर महाग नाहीये. नुसता सर्व्हर देऊन अठरा म्हणत असेल तर मात्र राम राम.

---

लिनक्सकाका

जग्गू, मान्य. अपडेट न करणाऱ्याने वर्डप्रेसच्या वाटेला जाऊच नये. पण वेगळं ठेवायचं म्हणजे पत्ता वेगळा पाहिजेच असं नाही ना. ब्लॉग दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायचा आणि पुढून रिव्हर्स प्रॉक्सी लावायची, म्हणजे येणाऱ्याला दिसतं कंपनी डॉट इन स्लॅश ब्लॉग, आतून माल येतो दुसऱ्या गोदामातून. एनजिनएक्समध्ये (सर्व्हरचं सॉफ्टवेअर) दोन-चार ओळी, नाहीतर क्लाउडफ्लेअरमध्ये (साइटच्या पुढे उभी राहणारी सेवा) वर्कर म्हणजे छोटा प्रोग्राम लावून होतं. शेअर्ड होस्टिंगवर एनजिनएक्सला हात लावू देत नाहीत, तिथे क्लाउडफ्लेअरचाच रस्ता. डेव्हलपरला हे येत असेल तर बढिया, येत नसेल तर त्याला सबडोमेनच सोपं पडणार, म्हणून तो तेच सांगतोय, त्याचीही चूक नाही.

तिसरा रस्ता स्टॅटिक साइट. ह्यूगो किंवा जेकिल नावाच्या साधनांनी बनवलेली. डेटाबेसच नाही, लॉगिनच नाही, नुसत्या बनवलेल्या फायली, हॅक करायला आत काही शिल्लकच नसतं. गिटहब पेजेसवर फुकटसुद्धा चालतं. पण पोरीने लिहिलंय कोडिंग शून्य, रोज कमांड मारून लेख चढवणं तिला जमेल पण दोन महिन्यांनी ती लिहिणं सोडून देईल. ब्लॉग हॅक होऊन मरतात त्यापेक्षा कंटाळून जास्त मरतात.

---

सीए_सुदामानगर

तंत्रातलं मला कळत नाही पण बिल कोणाचं येणार ते आधी बघा हो. क्लाउड सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडून डॉलरमध्ये घेतला आणि त्यांनी जीएसटी न लावता बिल दिलं, तर तुम्ही रजिस्टर्ड असल्यामुळे १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा, मग क्रेडिट घ्यायचं. पैसे परत फिरून येतात पण दर महिन्याच्या रिटर्नमध्ये लक्षात ठेवायची एक डोकेदुखी वाढते, आणि पाचशे रुपयांच्या बिलासाठी माझे दोन फोन.

दुसरं, कार्डावरचं ऑटो-रिन्यूअल. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून नियम बदलले, ई-मँडेट (आधी नोंदवलेली परवानगी) असल्याशिवाय आपोआप पैसे कापले जात नाहीत, आणि मँडेट असलं तरी १५ हजारांच्या वरच्या रकमेला ओटीपी लागतो (आधी ही मर्यादा पाच हजार होती, २०२२ मध्ये वाढवली). बाहेरच्या सगळ्यांकडे ही सोय नसते. माझ्या एका क्लायंटचं कार्ड असंच नाकारलं गेलं, सूचनेचे मेल ज्या पत्त्यावर जात होते तो माणूस नोकरी सोडून गेलेला, ऐन दिवाळीच्या आठवड्यात साइट बंद. जिथे कुठे घ्याल तिथे वर्षाचं बिल, रुपयांत, तुमच्या जीएसटी नंबरावर, आणि मेल मालकाच्या पत्त्यावर.

पहिल्या वर्षाचा भाव बघून घेऊ नका, रिन्यूअलचा भाव विचारा. साडीच्या सेलसारखं असतं ते.

---

खंडव्याची_माही

मी हिंदी-मराठी दोन्ही ब्लॉग सांभाळते म्हणून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. वर्डप्रेस शीर्षकावरून लिंक बनवतं, शीर्षक देवनागरीत असलं की लिंक पण देवनागरीत. ब्राउझरमध्ये छान दिसते. तीच कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांची मालगाडी निघते, कारण देवनागरीचं एक एक चिन्ह तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट टक्का धरून तीन अक्षरांचा, म्हणजे एकाचे नऊ, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजतात. "पाउच का सील क्यों खुलता है" एवढ्याची लिंक फोनवर अर्धा स्क्रीन खाते आणि लोकांना वाटतं फ्रॉड आहे. तेव्हा लेख देवनागरीत, लिंक मात्र हाताने बदलून रोमनमध्ये छोटी ठेवायची. छापायच्या आधीच बदला, नंतर बदललं की परत रीडायरेक्टचा घोळ.

आणि हिंदी-मराठी एकाच ढिगात टाकू नका. स्लॅश ब्लॉगच्या आत हिंदीचा एक फोल्डर, मराठीचा एक, आणि दोन्हीत एकच लेख असेल तर एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते गूगलला सांगणारी खूण) लावून एकमेकांशी जोडायचे. डेव्हलपरला हा शब्द सांगा, तो समजेल. मराठी लेख हिंदीवरून मशीनने भाषांतर करून टाकू नका हो, जळगावचा माणूस दुसऱ्या ओळीत ओळखतो.

---

छप्पनवाला

सगळे सर्व्हर सर्व्हर करताय. नमकीनवाला ब्लॉग वाचतो का? त्याला व्हिडिओ टाका, यूट्यूबवर, होस्टिंग फुकट, झंझट खलास.

---

पाउचवाली_इंदूर

छप्पनवाला दादा, व्हिडिओ आहेत आमचे, मशीन कशी चालते त्याचे. पण रात्री अकरा वाजता ऑपरेटर फोन करतो की सील सुटतंय, तेव्हा त्याला सहा मिनिटांचा व्हिडिओ नको असतो, त्याला पाहिजे की पहिले जॉ साफ कर, तेलाचा किंवा शेवेचा चुरा बसलाय का बघ, मग टेम्परेचर पाच-पाच डिग्रीने वाढव, एकदम वीस वाढवलंस तर फिल्म आकसते, आणि मग रोलचा सप्लायर बदललाय का ते विचार. हे वाचून बोट ठेवून ठेवून करता येतं. नमकीनवाला मालक नाही वाचणार, त्याचा ऑपरेटर वाचतो, फोनवर, मशीनच्या बाजूला उभा राहून. व्हिडिओ लेखात लावीन, ते बरोबर आहे.

माही, लिंकवालं सोनं दिलंत. मी दोन लेख टाकून बसले असते.

एक विचारायचं राहिलं, सर्व्हर मुंबईत पाहिजे असं डेव्हलपर म्हणतो, त्याने फरक पडतो का?

---

लिनक्सकाका

पडतो, पण जीव देण्याइतका नाही. इथून अमेरिकेतल्या सर्व्हरला जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि एक पान उघडताना असे बरेच फेरे होतात, मुंबईला त्याच्या एका तुकड्यात काम होतं. मुंबईत मोठ्या क्लाउडवाल्यांची केंद्रं आहेत, अ‍ॅमेझॉनचं तर २०१६ पासून. पण पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (पानांच्या प्रती वाचणाऱ्याच्या जवळ ठेवणारी सेवा) असलं, पानं कॅश होत असली, तर मूळ सर्व्हर कुठे आहे ते वाचणाऱ्याला जाणवत नाही. त्यापेक्षा फोटो छोटे करून टाक. मशीनचा आठ एमबीचा फोटो मुंबईत ठेवला काय आणि मल्हारगंजात ठेवला काय.

बॅकअप मात्र सर्व्हर जिथे आहे तिथेच ठेवायचा नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअप पण त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेन ड्राइव्हवर.

आणि हो, अजून एक, जे खरं म्हणजे सगळ्यात आधी विचारायला पाहिजे होतं. डोमेन कोणाच्या नावावर आहे?

---

पाउचवाली_इंदूर

कंपनीच्या नावावरच असणार ना? पैसे आम्हीच देतो दरवर्षी.

---

लिनक्सकाका

पैसे कोण देतं ते नाही विचारलं. व्हूइज (डोमेन कोणाचं ते दाखवणारी नोंद) बघ, आणि रजिस्ट्रारच्या (डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या) अकाउंटचं लॉगिन कोणाच्या ईमेलवर आहे ते बघ.

---

पाउचवाली_इंदूर

बघितलं. हात गार पडले.

व्हूइजमध्ये बरंचसं झाकलेलं दिसतं, पण जुन्या मेलमध्ये बिल शोधलं तर ते त्या साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावाने आहे, अकाउंट त्याच्या जीमेलवर. आम्ही दरवर्षी त्याला यूपीआय करत होतो आणि तो रिन्यू करत होता. मागच्या वर्षी त्याचा नंबर बदललाय. संपायची तारीख पुढच्या महिन्याची ९.

---

जेलरोडचा_जग्गू

अरे बाप रे. इंदूरमधल्या अर्ध्या कंपन्यांची हीच गोष्ट आहे ताई, घाबरू नका. तो मुलगा वाईट असेलच असं नाही, त्या वेळी सगळे असंच करायचे, स्वतःच्या अकाउंटात सगळ्यांची डोमेनं, गुच्छाने.

---

लिनक्सकाका

आधी ब्लॉग बाजूला ठेव. तो मुलगा शोध. गोडीत बोल, धमकी नको, कारण किल्ली त्याच्याकडे आहे. एकच रजिस्ट्रार असेल तर तू तिथे कंपनीच्या ईमेलने नवीन अकाउंट उघड, तो डोमेन तुझ्या अकाउंटात ढकलू शकतो, दहा मिनिटांचं काम. दुसरीकडे न्यायचं असेल तर त्याच्याकडून ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) घ्यायचा. ढकललं की लगेच रजिस्ट्रंटच्या (डोमेनच्या मालकाच्या) जागी कंपनीचं नाव, काकांचा फोन, कोणी परस्पर हलवू नये म्हणून लॉक चालू, आणि पाच वर्षांचं रिन्यूअल एकदम भरून टाक. नाहीच ऐकला तर डॉट इनसाठी निक्सीकडे (डॉट इन सांभाळणारी संस्था) आयएनडीआरपीची म्हणजे डोमेनच्या वादाची तक्रार असते, पण त्यात नावावरचा हक्क सिद्ध करावा लागतो, खर्च आणि वेळ दोन्ही, तिथपर्यंत जाऊ नये. यूपीआयच्या पावत्या आणि त्याचे जुने मेल आजच काढून ठेव.

कंपनीचा ईमेल पण याच डोमेनवर असेल ना? मग विचार कर, डोमेन गेलं तर कोटेशनं कुठे जाणार.

---

पाउचवाली_इंदूर

ईमेल याच डोमेनवर आहे 😐 आणि नवीन रजिस्ट्रार अकाउंट मी त्याच ईमेलने उघडायला निघाले होते, बरं झालं विचारलं, आता काकांच्या जीमेलने उघडते.

मुलगा सापडला. म्हणजे त्याची आई सापडली, रामबागेत राहतात, आमच्या आत्याच्या भिशीत आहेत. त्यांनी नंबर दिला, तो आता बंगलोरला नोकरी करतो, साइटचं काम केव्हाच सोडलं. बोलला चांगला, म्हणाला ताई मी दोन वर्षांपासून म्हणतोय कोणीतरी हे माझ्याकडून घेऊन जा. वीस-बावीस जणांची डोमेनं आहेत म्हणे त्याच्याकडे अजून, त्यातले तीन जण आमच्या लाइनीतलेच, नावं ऐकून काकांना हसू फुटलं.

ब्लॉगचं ठरलंय ते असं, स्लॅश ब्लॉग, वर्डप्रेस, विजयनगरवाल्याचा सर्व्हर मागे आणि क्लाउडफ्लेअर पुढे. त्याला अठरा हजारात अपडेट, बॅकअप आणि फोन उचलणं लिहून मागितलं तर तो बावीस म्हणाला, काका वीसवर आणतील. बिल रुपयांत, सीए साहेबांच्या सांगण्याप्रमाणे.

तो मुलगा आत्ता ऑनलाइन आलाय, काकांच्या फोनवर ओटीपी येणार म्हणे आणि काका खाली शॉप फ्लोअरला फोन वर विसरून गेलेत. नाही, फोन घेऊन गेलेत. पळते.